नाव कोणत्या वहीत? मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतली ‘मंडळी’

१

नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी कोणी ख्रिस्ती पाहुणा आला, की माझी आजी त्याला आधी पाणी द्यायची आणि मग विचारायची, ‘‘कोणत्या मंडळीचे म्हणायचे तुम्ही?’’ पाहुणा शहरातला असला की हमखास चुकायचा. ‘‘आम्ही अमुक चर्चला जातो,’’ असे सांगायचा. आजी मान हलवायची. पण तिचे समाधान झालेले नसायचे. तो गेल्यावर ती माझ्या आईला म्हणायची, ‘‘जातो कुठं ते सांगितलं त्यानं. कुणाचा ते नाही सांगितलं.’’

पुढे शिक्षणासाठी मी पुण्याला निघालो, तेव्हा पाळकसाहेबांनी एक पत्र हातात दिले. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत अशी रीत आहे. माणूस गाव बदलतो तेव्हा जुनी मंडळी नव्या मंडळीला लिहून देते, की अमुक आमचा पूर्ण सभासद आहे, त्याला आपला म्हणून घ्यावा. ते पत्र मी एका शब्दकोशात ठेवले आणि अकरा वर्षे कोणालाही दिले नाही. मी दर रविवारी उपासनेला जात होतो. गायन म्हणत होतो, दानपेटीत पैसे टाकत होतो, आणि शेवटचा आशीर्वाद झाला की चहाला न थांबता निघत होतो. गावच्या वहीतून माझे नाव गेले असणार आणि शहरातल्या वहीत ते आलेले नाही, हे मी धरूनच चाललो होतो. त्यात मला काही उणे वाटत नव्हते. उलट मोकळे वाटत होते.

मराठी शिकवायला लागल्यावर, आणि मराठी ख्रिस्ती आत्मकथने पुन्हा पुन्हा वाचताना, आजीचा प्रश्न माझ्या मागे लागला. या पुस्तकांना आपल्या समीक्षेने बहुधा एकच प्रश्न विचारला आहे: हा माणूस ख्रिस्ती का झाला? मिशनऱ्यांचा प्रभाव, हिंदू समाजातल्या रूढींचा जाच, बुद्धिवादी चिकित्सा, भक्तीची तहान अशी उत्तरेही तयार आहेत. पण ख्रिस्ती झाल्यावर तो कुणाचा झाला, आणि ते होण्याला किती काळ लागला, हे क्वचित विचारले गेले. माझे म्हणणे असे, की बाप्तिस्मा एका दिवशी होतो. मंडळीचे होणे वर्षानुवर्षे चालते. या दुसऱ्या गोष्टीची नोंद कोणत्या पुस्तकाने किती प्रामाणिकपणे केली, यावर त्या पुस्तकाचे वाङ्मयीन मोलही बरेचसे अवलंबून आहे. प्रस्तुत लेखात बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक या तिघांच्या लेखनाकडे मी या अंगाने पाहणार आहे.

२

आधी शब्दाविषयी. मराठी बायबलमध्ये ग्रीक ‘एक्लेसिया’साठी ‘मंडळी’ हा शब्द आला आहे. मूळ शब्दात बोलावून एकत्र आणलेली माणसे असा अर्थ आहे; इमारतीचा नाही. मराठी शब्दाने तो अर्थ राखला आणि त्यात घरगुती ऊबही आणली. पत्राच्या शेवटी आपण ‘घरातील सर्व मंडळींस नमस्कार’ लिहितो. लग्नात वऱ्हाडाची मंडळी असते. जुन्या पिढीतले गृहस्थ बायकोचा उल्लेख ‘आमची मंडळी’ असा करत. भजनी मंडळी असते आणि नाटक मंडळीही. किर्लोस्कर नाटक मंडळीचा खेळ पाहायला रोज येणारा रसिक कितीही दर्दी असला, तरी तो प्रेक्षकच राहिला. पडदा ओढणारा पोरगा मात्र मंडळीतला. कोणाला नाटक जास्त कळते, यावर ते ठरत नव्हते. आजीला जो फरक अभिप्रेत होता तो हाच असावा.

अमेरिकन मराठी मिशनने १८१३ मध्ये मुंबईत काम सुरू केले आणि १८३१ मध्ये नगरला ठाणे केले. हे मिशनरी प्रामुख्याने काँग्रिगेशनल परंपरेतले होते. त्या परंपरेत चर्च म्हणजे आपला विश्वास उघडपणे सांगून एकमेकांना वचन देणाऱ्या माणसांचा गट. उपदेश ऐकायला कोणीही यावे, पण ऐकणारा निराळा आणि सभासद निराळा. सभासदाचे नाव वहीत असे, मंडळीच्या कारभारात त्याचे मत असे, आणि तो चुकला तर त्याला बोलावून जाब विचारण्याचा अधिकार इतरांना असे. शेवटचा भाग शहरी मनाला जाचक वाटतो. पण जाब विचारणारे कोणी असणे हा आपले कोणी असण्याचाच एक भाग आहे.

वसईकडची कॅथलिक परंपरा वेगळी आहे. तिथे ‘ख्रिस्तसभा’ आणि ‘धर्मग्राम’ हे शब्द रूढ आहेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात रुजलेली ही ख्रिस्तसभा १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी जिंकल्यावरही टिकली, आणि ती गावाच्या, वाडीच्या, बोलीच्या आधाराने टिकली. तिथे माणूस पाळण्यात असतानाच धर्मग्रामाचा होतो; निवड नंतर येते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी आपल्या आत्मकथनाला ‘नाही मी एकला’ असे नाव दिले, ते या जगाला शोभणारे आहे. त्यांच्या आयुष्यात धर्मगुरूपण, ‘सुवार्ता’चे संपादन आणि हरित वसईचा लढा हे एकाच गावकीचे धागे आहेत. त्या परंपरेवर स्वतंत्र लिहायला हवे. इथे मी ज्यांना मंडळी जन्माने मिळाली नाही, त्यांच्यापुरते पाहतो. कारण ‘जाणे’ आणि ‘असणे’ यांतले अंतर त्यांना स्वतःच्या पायांनी चालावे लागले.

३

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांना आपण ‘यमुनापर्यटन’चे लेखक म्हणून ओळखतो. १८५७ ची ही कादंबरी मराठीतल्या पहिल्या कादंबऱ्यांत गणली जाते. त्यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र त्यामानाने कमी वाचले जाते. त्यात माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने फार मोलाचा भाग आहे, तो परमहंस मंडळीचा. इथेही शब्द ‘मंडळी’च आहे.

१८४९ च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेली ही सभा दादोबा पांडुरंग आणि राम बाळकृष्ण जयकर यांच्या नावांशी जोडली गेली आहे. एकेश्वर मानावा आणि जातिभेद मोडावा असे तिचे मत होते. सभासद होताना ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खावा लागे. ज्या काळात एवढ्यावरून माणूस वाळीत पडे, त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. मात्र सगळे गुप्त होते. पुरेसे लोक जमेपर्यंत उघड व्हायचे नाही, असे ठरले होते. १८६० च्या सुमारास सभेचे कागद बाहेर गेले, सभासदांची नावे लोकांत फुटली, आणि मंडळी मोडली.

बाबा पदमनजी या मंडळीत होते. तिचा वृत्तान्त ते आतल्या माणसाच्या अधिकाराने देतात. ती मोडण्याआधीच, १८५४ मध्ये, बेळगावला त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. दोन्ही मंडळ्यांतला फरक त्यांच्याइतका जवळून पाहिलेला मराठी लेखक विरळा. दोन्हीकडे भाकरी होती आणि दोन्हीकडे सभासदांची यादी होती. एका मंडळीला यादी बाहेर पडल्याने धक्का बसला; दुसऱ्या मंडळीत नाव सर्वांसमोर घेतल्याशिवाय प्रवेशच नव्हता. परमहंस मंडळीतल्या माणसांना आपण भित्रे म्हणू नये. त्यांच्यावर घरे होती, लग्नाच्या बहिणी होत्या. पण आपण कुणाचे हे सांगता येत नसेल, तर त्या असण्याला संकट आल्यावर धरायला काही उरत नाही, एवढे या इतिहासातून दिसते.

एवढे हाती असूनही ‘अरुणोदय’ मला अपुरे वाटते. ते विचारांचे चरित्र आहे. कोणते पुस्तक वाचले, कोणाशी वाद झाला, कोणती शंका कशी फिटली, हे पदमनजी नेमकेपणाने सांगतात. मराठी गद्याच्या इतिहासात अशा आत्मपरीक्षणाला मोठे स्थान आहे. पण ही पूर्वायुष्याची कहाणी आहे. ती बाप्तिस्म्यापर्यंत येते आणि तिथे तिचे प्रयोजन संपते. नाव पुस्तकाला साजेसेच आहे: उजाडले, एवढे कळते. दिवस कसा गेला, कोणाच्या पंगतीला बसताना घास अडला, कोणी घरात घेतले, याची हकीकत वाचकाला मिळत नाही. पदमनजींनी मंडळी निवडली. मंडळीने त्यांना कसे सामावले ते या पुस्तकातून समजत नाही.

४

पंडिता रमाबाईंचे प्रकरण उलट्या बाजूने अवघड आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे, अँग्लिकन भगिनींच्या मठात राहत असताना, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ मध्ये ग्रंथरूपाने उपलब्ध झाला. माझ्या मते भारतीय ख्रिस्ती लेखनातला तो एक थोर वाद आहे. क्रूसावरची अक्षरे लॅटिनमध्येच का, संस्कृतात का नकोत? आपल्या शाकाहारात धर्माला बाध येईल असे काय आहे? पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यास बिशपांनी हरकत का घ्यावी? दिसायला हे किरकोळ प्रश्न. त्यांच्यामागे एकच प्रश्न उभा आहे: ख्रिस्ताचे होणे म्हणजे तुमच्या संस्थेचे होणे का?

रमाबाईंची भूमिका अशी, की ख्रिस्ताच्या विश्वव्यापी मंडळीत आपण आहोतच. पण एखाद्या पंथाच्या धर्मगुरूचा प्रत्येक शब्द देवाचा म्हणून मानायला आपण बांधलेल्या नाही. समोरच्या बाजूला हे उद्धटपण वाटले. आज वाचताना आपली सहानुभूती सहज रमाबाईंकडे जाते. माझीही गेली. त्या अकरा वर्षांत ही पत्रे मला फार सोयीची वाटत असत. संस्था आणि श्रद्धा वेगळ्या, असे म्हटले की शब्दकोशातले पत्र तिथेच राहू देता येते.

पण असे वाचणे रमाबाईंवर अन्याय करणारे आहे, हे मला उशिरा कळले. १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या स्वतःविषयी कठोर होऊन सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. आणि ज्या बाईंनी बिशपांना जुमानले नाही, त्या एकट्या राहिल्या नाहीत. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणले, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींमुळे केडगावला मुक्ती उभे राहिले. तिथे शेकडो स्त्रिया एकत्र राबत, शिकत, प्रार्थना करत. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यात स्त्रियांच्या हातांनी तयार झाले आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना दुसऱ्याची मंडळी मानवली नाही, त्यांनी मंडळीच नको म्हटले नाही. स्वतः एक उभी केली आणि आयुष्य तिच्यात घातले. त्या पत्रांचा आधार घेऊन कोरडे राहू पाहणाऱ्याला केडगावचे उत्तर द्यावे लागते. माझ्याकडे ते नव्हते.

रमाबाईंच्या साक्षीची मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. ती साक्ष आहे. तिचा रोख देवाने काय केले याकडे आहे. मुक्तीतल्या स्वयंपाकघरात रोज काय घडत होते, कोण कोणाशी भांडत होते, हे त्यात फारसे येत नाही. त्यासाठी आपल्याला दुसऱ्या बाईंकडे जावे लागते.

५

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आली. तिच्यावर भरपूर लिहिले गेले आहे: भाषेचा साधेपणा, विनोद, विक्षिप्त प्रतिभावंत नवऱ्याबरोबरचा संसार. हे सारे खरे आहे. पण मी या पुस्तकाला पाण्याची गोष्ट म्हणेन. कोणाच्या हातचे पाणी चालते, इथून ती सुरू होते.

आजोबांना सत्तावनच्या धामधुमीनंतर फाशी झाली. त्या आघाताने लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले, आणि घरात येणारी वस्तू धुऊन घेण्याच्या त्या अतिरेकात मुलांचे बालपण गेले. लेखिका हे हसत सांगते. पण पुढचे सगळे या पहिल्या चित्रावर उभे आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नीला विश्वासात घेतले नव्हते. त्यानंतरची काही वर्षे लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांच्या आधाराने वेगळ्या राहिल्या. पुढे त्या टिळकांबरोबर राहायला गेल्या, तेव्हाही चूल आणि पाणी त्यांनी वेगळे ठेवले. एका घरात दोन धर्म नांदत होते, आणि त्यांच्यातली सीमा देव्हाऱ्यातून नव्हे, तर माठाजवळून जात होती.

या काळात लक्ष्मीबाई ख्रिस्ती माणसांत वावरत होत्या. त्यांची प्रार्थना कानांवर पडत होती, त्यांचा चांगुलपणा दिसत होता. आजच्या भाषेत त्या ‘चर्चला जाणाऱ्या’ झाल्या असत्या, तरी कोणी हरकत घेतली नसती. पण त्यांना ठाऊक होते, की त्या अजून या माणसांच्या नाहीत. कारण त्यांच्या हातचे पाणी त्या पीत नव्हत्या. महाबळेश्वरच्या मुक्कामात त्यांचे त्यांनाच उमगले, की जात देवाने केलेली नाही, माणसाने केली. जातीचे बंधन आधी सुटले आणि बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये, झाला. हा क्रम महत्त्वाचा आहे. धर्मांतराच्या बहुतेक कहाण्यांत माणूस आधी देव बदलतो आणि मग माणसांशी जुळवून घेतो. इथे माणसे आधी आली.

नगर-राहुरीकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत बहुसंख्य माणसे महार-मांग समाजांतून आलेली होती, हे लक्षात घेतल्याशिवाय या प्रसंगाचे वजन कळत नाही. प्रभुभोजनाची भाकरी आणि प्याला या मंडळीत कोणाच्या शेजारी बसून घ्यायचा होता? बाबा पदमनजींच्या परमहंस मंडळीतला पावाचा तुकडा एकदाच, बंद दाराआड खायचा होता. लक्ष्मीबाईंना तो उघड्यावर आणि जन्मभर खायचा होता.

बाप्तिस्मा हा या पुस्तकाचा कळस नाही, आणि हेच त्याचे मोठेपण आहे. पुस्तकाचा मोठा भाग त्यानंतरचा आहे. पोरकी मुले घरी येतात. प्लेगमध्ये आजाऱ्यांची सेवा करायची असते. टिळक हातातले देऊन टाकतात आणि उद्याची काळजी बायकोवर सोडतात. मंडळीतली माणसे चुलीपर्यंत येतात, राहतात, रुसतात. लक्ष्मीबाई कंटाळतात, चिडतात, स्वतःलाच हसतात. मंडळीचे असणे म्हणजे उदात्त भावना असणे, असे त्या कुठेही भासवत नाहीत. त्यांच्या गद्यात ‘घरची मंडळी’ आणि ‘ख्रिस्ती मंडळी’ हे दोन अर्थ हळूहळू एकमेकांत मिसळतात. म्हणून ‘स्मृतिचित्रे’ला केवळ संसारकथा म्हणणे मला पुरेसे वाटत नाही. मंडळी नावाच्या गोष्टीचे आतून केलेले वर्णन म्हणून तिच्या तोडीचे दुसरे मराठी पुस्तक मला माहीत नाही.

६

याला आव्हान त्याच घरातून मिळते. रेव्हरंड टिळकांनी मंडळीला मराठी कंठ दिला. नगरला कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होतीच. टिळकांच्या भजनांनी आणि अभंगांनी उपासनेचा सूरच बदलला. ‘उपासना संगीत’ उघडले की आजही पानोपानी त्यांचे नाव भेटते. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. अशा माणसाने १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही जागा होती. ख्रिस्तावर प्रेम आहे एवढे पुरे; वहीची अट नाही.

टिळकांची वेदना खरी होती. परदेशी पैशावर चालणारी मंडळी मराठी माणसाला परकी वाटते, आणि बाप्तिस्म्याने माणूस स्वतःच्या घरातून तुटतो, हे त्यांनी सोसले होते. दरबार ही त्या तुटण्यावरची फुंकर होती. पण दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, टिळक गेले. त्यांच्या व्यक्तिमत्त्वाभोवती जमलेल्यांना एकमेकांची माणसे व्हायला वेळच मिळाला नाही. गुरूवरच्या प्रेमाने माणसे जमतात. गुरू गेल्यावर आजाऱ्याच्या उशाशी कोणी बसायचे, हे ठरवायला मंडळी लागते. टिळकांनी सुरू केलेले ‘ख्रिस्तायन’ही लक्ष्मीबाईंनीच पुरे केले.

तरी दरबाराने विचारलेला प्रश्न बाद होत नाही: वही कोणाला आत घेते आणि कोणाला बाहेर ठेवते?

७

हा प्रश्न वरच्या जातीतून आलेल्या लेखकांच्या पुस्तकांत एका रीतीने दिसतो आणि खालून पाहिल्यावर निराळाच दिसतो. १८५५ मध्ये मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्रात जोतीरावांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध छापला गेला. ती ख्रिस्ती नव्हती. वेद आमचे नाहीत असे ब्राह्मण म्हणतात, तर आमचा धर्म कोणता ते देवा तूच सांग, अशा अर्थाचा सवाल तिने केला. पदमनजींना आणि टिळकांना सोडावे लागेल असे काही होते. मुक्ताला, आपण कुणाचेच नाही, हे सांगायचे होते. मिशनच्या मंडळ्या ज्यांनी भरल्या ते बहुतेक तिच्यासारखे होते. त्यांना मंडळीने काय दिले आणि किती दिले नाही, याचे ‘स्मृतिचित्रे’च्या तोलाचे पुस्तक आपल्यापुढे नाही. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात ही माणसे येतात, मायेने येतात. पण येतात ती दुसऱ्याच्या गोष्टीत. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या अभ्यासकाने ही उणीव झाकू नये.

आणि त्यांच्यासाठी वही आजही निरुपद्रवी नाही. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती बाहेरच राहिले. म्हणजे दलित कुटुंबाने बाप्तिस्म्याच्या वहीत नाव घातले, की हातातला जातीचा दाखला धोक्यात येतो. गावातली वागणूक मात्र बदलतेच असे नाही. म्हणून उपासनेला येणारे पण नाव न देणारे लोक असतात, आणि शहाणे पाळक त्यांना पुढे या म्हणून भरीस घालत नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीतल्या एका प्रकरणात, बाप्तिस्मा आणि नियमित चर्चला जाणे पाहून, ती व्यक्ती ख्रिस्तीच आहे असे मानले आणि दाखला नाकारणे योग्य ठरवले. न्यायालयाने ‘जाणे’ हा ‘असणे’ याचाच पुरावा धरला. माझी आजी तसे धरायला तयार नव्हती. पण तिलाही हे सांगावे लागेल, की सर्वांना नाव सांगण्याची किंमत सारखी पडत नाही. परमहंस मंडळीतल्या सुशिक्षितांना आपण समजून घेतो, तर मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या या माणसांना अधिक समजून घ्यायला हवे.

माझी गोष्ट वेगळी होती. माझे काहीही जाणार नव्हते. मला फक्त कोणी जाब विचारू नये असे वाटत होते.

८

पुण्यातल्या त्या उपासनेत माझ्या शेजारी नऊ वर्षे एक वयस्क गृहस्थ बसत. मला चष्म्याशिवाय बारीक अक्षर दिसत नाही हे त्यांना कळले होते. गायनाचा क्रमांक ते बोटाने दाखवत. एका रविवारी जागा रिकामी होती. पुढच्याही रविवारी होती. चौथ्या आठवड्यात मी दाराशी विचारले, तेव्हा कळले की त्यांना पुरून तीन आठवडे झाले. मंडळीतल्या घरोघरी निरोप गेला होता. माझ्याकडे कसा येणार? माझा पत्ता कोणत्याच वहीत नव्हता. आणि खरे सांगायचे तर मलाही त्यांचे नाव ठाऊक नव्हते.

त्या सुमारास मी वर्गात ‘स्मृतिचित्रे’ शिकवत होतो. घरी येऊन शब्दकोशातले पत्र काढले आणि पुढच्या रविवारी पाळकांकडे दिले. तारीख पाहून ते हसले. इतके जुने पत्र चालायचे नाही म्हणाले. गावाहून नवे मागवू.

महिन्याभराने गावच्या मंडळीच्या चिटणिसांचे उत्तर आले. त्यांनी लिहिले होते, की पुण्याच्या मंडळीकडून पोच न आल्यामुळे तुमचे नाव आम्ही कधी कमी केलेच नव्हते. सभासदाची वार्षिक वर्गणीही थकलेली नाही. तुमच्या आजी हयात होत्या तोवर त्या दरवर्षी सुगी झाली की तुमच्या नावाची पावती वेगळी फाडून घेत. त्या गेल्यापासून एकदोघांनी ते चालू ठेवले. सोबत पावत्या जोडल्या आहेत.

पावत्या अकरा होत्या. पहिल्या सातांच्या पाठीवर आजीचा अंगठा होता.